वाल्मिकचा वेगळा रोट

आमच्या वाल्मिकची गोष्ट सांगायची तर कानांपासून सुरुवात करावी लागते. सुरतेत वीस-बावीस वर्षं लूम, म्हणजे यंत्रमाग, चालवलेला माणूस थोडाफार बहिरा होतोच. कोसाडला आमच्या इमारतीखाली संध्याकाळी चार म्हातारे बसले की जो तो दुसऱ्यावर ओरडतो आणि नव्या माणसाला वाटतं भांडण लागलं. प्रत्यक्षात तिथे भरताच्या वांग्यांचा भाव विचारणं चाललेलं असतं. वाल्मिक मात्र पहिल्या दिवसापासून कानात कापसाचे बोळे घालून कारखान्यात शिरायचा. बरोबरची पोरं त्याला "नवरदेव, अत्तराचा फाया का?" म्हणून चिडवायची. तो हसायचा आणि बोळा आणखी आत ढकलायचा.

हे कान त्याने असे जपले की स्वतःच्या लग्नातसुद्धा, वरात गावाकडच्या पांझरा नदीच्या पुलावर आली असताना, घोडीवरून खाली वाकून वाजंत्र्याला म्हणाला, "तुझ्या ढोलाची डावी दोरी सैल आहे." वरात थांबली, ढोल उतरवला, दोरी ओढली, मगच पुढे. मुहूर्त टळतो की काय म्हणून मांडवात नवरीच्या, म्हणजे मालतीबाईंच्या, वडिलांच्या तोंडचं पाणी पळालेलं. मालतीबाई मला कालपरवापर्यंत सांगायच्या, "नाना, माझ्या तोंडाकडे बघायच्या आधी या माणसाने ढोलाकडे बघितलं." आणि सांगताना तीस वर्षांनीही त्यांना हसू यायचं. अलीकडे मात्र त्या ही गोष्ट सांगत नाहीत.

तर हा वाल्मिक आणि त्याचा चुलतभाऊ सुकदेव, दोघे एकाच ताटात जेवून वाढले. वाल्मिकची आई तो पाळण्यात असतानाच गेली. सुकदेवच्या आईने, म्हणजे धुरपदाबाईने, एका मांडीवर स्वतःचा आणि दुसऱ्या मांडीवर जावेचा असे दोन्ही वाढवले. सुकदेव दोन वर्षांनी मोठा आणि जिभेचा गोड. शाळेत गुरुजींनी दोघांना शिक्षा केली की सुकदेव अशी काही कहाणी सांगायचा की गुरुजी त्याला जवळ घेऊन बसत. अंगठे धरून उभा वाल्मिक. आणि याला त्याचं वाईटही वाटायचं नाही. भाऊ सुटला, एवढंच घरी येऊन आनंदाने सांगायचा.

सुरतेत आल्यावरही तसंच झालं. सुकदेव कापड बाजारात दलालांच्या मागे फिरून गुजरातीत गोड बोलायला शिकला, वाल्मिक यंत्रांपाशी राहिला. पुढे दोघांनी मिळून सुरतेजवळच्या सचिन गावच्या औद्योगिक वसाहतीत एक शेड घेतली आणि कापड रंगवायची छोटी कंपनी काढली. पांझरामाई डाईंग प्रायव्हेट लिमिटेड. साधी भागीदारी चालली असती, पण सुकदेवला 'प्रायव्हेट लिमिटेड' म्हणताना तोंड भरल्यासारखं वाटायचं. मालकी निम्मी-निम्मी, डायरेक्टर दोघे. कागद करणाऱ्या एजंटाने विचारलं, फॅक्टरीला जबाबदार माणूस कोण लिहू? सुकदेव म्हणाला, "फॅक्टरी म्हणजे आमचा वाल्मिकच. मी तर बाजारातला." तिथे बसलेल्या आम्हा सगळ्यांना त्या मोठेपणाचं इतकं कौतुक वाटलं की कुणीतरी पेढे आणायला पळालं. फाटकावर पेंटरने दोघांची नावं लिहिली, वाल्मिकच्या नावाखाली 'फॅक्टरी जबाबदार'. गावाकडून येणारा प्रत्येक माणूस त्या पाटीशेजारी उभा राहून फोटो काढून गेला. वाल्मिकने आमच्या गावची आणि आजूबाजूची बरीच पोरं तिथे कामाला बोलावून घेतली. त्यांच्या आया त्याला म्हणायच्या, तू आहेस म्हणून पाठवते.

आता बॉयलर. वापीकडच्या एका बंद पडलेल्या कारखान्यातून तो जुना आणला होता. कोळशावर चालणारा, पोट फुगलेला, अंगावर जागोजागी ठिगळं. त्याच्या माथ्यावर एक झडप असते आणि तिला एक दांडी. आत वाफ जास्त साचली की ती वाफच दांडी उचलते आणि शिट्टी मारत बाहेर पडते, म्हणजे पोटातला ताण उतरतो. दुपारी जेवायला यंत्रं थांबली की वाफ खाणारं कुणी नसायचं, ताण चढायचा आणि ठरल्यासारखी शिट्टी व्हायची. सगळ्या गल्लीचं घड्याळ ते. चहावाला त्या शिट्टीवर आधण ठेवायचा. गल्लीतलं एक कानफाटं कुत्रं शिट्टी झाली की उठून फाटकापाशी येऊन बसायचं, कारण पाठोपाठ डबे उघडणार. मीही एकदा गेलो होतो तेव्हा बघितलं, झोपेतून उठलं, आळस दिला आणि साहेबासारखं चालत आलं. आम्ही त्याचं नावच मॅनेजर ठेवलं.

एके दिवशी शिट्टी झाली नाही.

यंत्रं थांबली तरी पोरं डबे न उघडता हातातलं काम उरकत राहिली. चहावाल्याने दोनदा डोकं बाहेर काढून बघितलं. कुत्रं सवयीने उठून आलं, बसलं, वाट बघितली आणि मग बॉयलरच्या शेडकडे तोंड करून गुरगुरायला लागलं. वाल्मिक रंगाच्या टाकीपाशी होता. त्याने कानातला बोळा काढला. शिट्टी नाही, आणि शिट्टीच्या जागी एक बारीक, दाबलेला आवाज, कुणी उशीत तोंड खुपसून कण्हावं तसा. तो धावत शिडीवर चढला. दांडीला तार गुंडाळलेली होती, पिळा मारून घट्ट. म्हणजे वाफ कितीही साचो, दांडी उचलली जाऊ नये. त्याने पक्कड घेऊन तार तोडली आणि शिट्टी अशी फुटली की खाली उभी असलेली पोरं डोकं धरून बसली.

संध्याकाळी त्याने सुकदेवला विचारलं. सुकदेव हसला. म्हणाला, जेवणाच्या सुट्टीत एवढी वाफ आकाशात जाते, कोळसा काय झाडाला लागतो? कोंडून ठेवली की सुट्टी संपल्यावर यंत्रं पहिल्या मिनिटापासून पळतात. बाजारात माल वेळेवर मागतात, तिथे मला उभं राहावं लागतं. वाल्मिकने सांगितलं की बॉयलर म्हातारा आहे, फुटला तर शेड राहणार नाही, आणि भिंतीपलीकडेच पोरं डबा खायला बसतात. सुकदेवने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि आमच्या अहिराणीत म्हणाला, "काही नही व्हत, भो. तुना कान जरा जास्तच शेतस."

दुसऱ्या दिवशी तार पुन्हा होती. वाल्मिकने पुन्हा तोडली. मग रोज. सकाळी कुणीतरी बांधायचं आणि जेवणाआधी हा चढून तोडायचा. कोण बांधतो हे कुणी सांगेना. ज्या पोरांना याने गावाहून आणलं होतं तीही खाली बघायची. तार हळूहळू जाड होत गेली. पक्कड पुरेना तेव्हा वाल्मिक करवतीचं पातं खिशात ठेवायला लागला. आणि एक दिवस फाटकापाशी पितळेची घंटा टांगलेली दिसली, चांगली चकचकीत. सुकदेवने बाजारातून आणली होती. जेवणाची सुट्टी आता घंटेवर होणार, असं त्याने सगळ्यांना सांगितलं. आवाज गोड होता तिचा. देवळातल्यासारखा.

त्या घंटेने वाल्मिक घाबरला. तार म्हणजे एखाद्या दिवसाचा हावरटपणा असेल असं तो स्वतःला सांगत आला होता. घंटा कायमची होती.

तो सुकदेवकडे गेला आणि म्हणाला, भाऊ, कंपनी बंद करू. बॉयलर भंगारात घालू, पोरांना दुसरीकडे लावून देऊ, मी पुन्हा कुणाच्याही लूमवर जाईन. सुकदेवने ऐकून घेतलं आणि भेस्तानच्या त्याच्या घरात नवीन बसवलेल्या झोपाळ्यावर झुलत राहिला. मग दर वेळी काहीतरी निघायचं. दिवाळीनंतर बघू. लग्नसराई जाऊ दे. आईची तब्येत बरी नाही. शेवटी सरळच म्हणाला, मी सही करणार नाही, तुला काय करायचं ते कर.

उधन्याला राखी नावाची आमच्याकडची एक वकील मुलगी आहे. आजोबा धुळ्याचे, पण जन्म इथला, त्यामुळे मराठी बोलता बोलता गुजरातीत घसरते. मी वाल्मिकला तिच्याकडे घेऊन गेलो. तिने फाइल चाळली आणि म्हणाली, "काका, टेन्शन नको घ्या, पण ऐका. कंपनी बंद करायची तर दोघांची सही जोईए. निम्मी-निम्मी मालकी आहे, एकजण आडवा बसला की झालं. कोर्टात जा, वर्षं जातील. पण खुर्ची सोडायला कुणाची परवानगी लागत नाही. राजीनामा लिहा, कंपनीला पाठवा, पोचल्याचा पुरावा ठेवा, मग मी वरच्या, कंपन्यांच्या सरकारी ऑफिसात कळवते. फॅक्टरीच्या खात्याला वेगळं कळवू, की आता जबाबदार मी नाही. खुर्चीवर असताना जे झालं त्याला मात्र तुम्हीच जबाबदार, हां. ते पुसलं जात नाही."

वाल्मिकने मान हलवली. ती पुढे म्हणाली, "अने एक बात. अशा कंपनीला दोन डायरेक्टर तर पाहिजेतच. तुम्ही उठलात की त्या जागी कुणाला तरी बसवावं लागेल त्यांना."

वाल्मिक पहिल्यांदा जरा मोकळा हसला. म्हणाला, त्या खुर्चीवर कोण शहाणा बसेल? मीही हसलो. उधन्याहून येताना आम्ही रस्त्यावर लोचो, म्हणजे सुरतेचा मऊ ढोकळा, खाल्ला, वर तेल घालून.

सुकदेवला राजीनाम्याचा वास लागला. भांडायला तो आला नाही. तो थेट भाऊबंदांकडे गेला.

इथे आमच्या खान्देशातली एक रीत सांगायला पाहिजे. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई देवी बसते. तिच्या नैवेद्याचे रोट, म्हणजे जाड पोळ्या, एका भाऊबंदकीतले सगळे मिळून करतात. आदल्या दिवशी घरातली मोठी बाई सुपात गहू मोजते, एकेका पुरुषाचं नाव घेऊन सव्वा सव्वा मूठ. सगळ्यांचा गहू एकत्र दळला जातो आणि ते रोट त्या कुळाबाहेर कुणी खात नाही. ज्याचं नाव त्या सुपावर घेतलं जात नाही, तो त्या घरचा उरत नाही. सुरतेत आम्ही पत्र्याच्या खोल्यांतून फ्लॅटात आलो, जात्यावरून घरघंटीवर आलो, पण सुपात मूठ टाकणं सुटलेलं नाही. भाऊ भाऊ शेतावरून कोर्टात जातात आणि श्रावणात एका सुपावर येऊन बसतात. रोट वेगळे झाले, असं कुणाबद्दल कळलं की लोक आवाज खाली आणून बोलतात, मयतीबद्दल बोलावं तसे.

सुकदेवने भेस्तानला चार वडीलधाऱ्यांना बसवलं, वाल्मिकलाही बोलावलं आणि सगळ्यांसमोर एवढंच म्हणाला, "रोट एक शे ना, भो? मंग कंपनीबी एकच ऱ्हाई."

म्हणजे कंपनी सोडायची तर रोटही सोड. वडीलधाऱ्यांनी माना डोलावल्या. त्यांना बॉयलरच्या दांडीचं काय कळणार? त्यांना एवढंच दिसलं की एका आईच्या मांडीवर वाढलेल्या दोघांतला एक उठून चालला आहे. धुरपदाबाई दारात उभी होती. ती नुसती वाल्मिककडे बघत होती आणि तेवढ्याने हा उठून चपला घालायला लागला.

सही केलेला राजीनामा वाल्मिक शर्टाच्या खिशात घालून फिरायचा. घामाने कागद विरघळायचा, राखी नवीन काढून द्यायची. टपालपेटीपर्यंत जायचा आणि परत यायचा. मालतीबाई त्याला म्हणाल्या, रोट गेले तरी देवी कोसाडला बसेल, ती काय भेस्तानच्या पत्त्यावरच येते? पण मोठ्या मायच्या, म्हणजे धुरपदाबाईच्या, हातची मूठ सोडायची कशी, हे त्याला सुचत नव्हतं. आणि रोज जेवणाआधी शिडी चढणं चालूच. त्या उन्हाळ्यात एकदा बॉयलरच्या ठिगळातून वाफेची एक पातळ पट्टी सुटली आणि समोर ठेवलेल्या रंगाच्या प्लास्टिकच्या पिंपाला तिने सुरीसारखी चीर पाडली. पिंपापाशी तेव्हा कुणी नव्हतं. सुकदेवने ठिगळावर ठिगळ मारून घेतलं, त्याच दिवशी.

आता विकास. वाल्मिकचा एकुलता मुलगा. कॉलेज शिकलेला, बोलायला गुजराती, दिसायला आईसारखा. त्याला बापाचा राग नव्हता, पण बापाच्या तेलकट शर्टाची लाज होती. असते ती त्या वयात. सुकदेवला तो गुजराती पद्धतीने 'मोटा पप्पा' म्हणायचा आणि मोटा पप्पा त्याला बाजारात गाडीतून फिरवायचे, व्यापाऱ्यांशी ओळख करून द्यायचे, "आमचा विकासशेठ" म्हणून. मी स्वतः ते ऐकलं आहे आणि मला तेव्हा गंमत वाटली होती. आमचं शेंबडं पोर शेठ झालं म्हणून मी इमारतीत सगळ्यांना सांगत सुटलो होतो.

श्रावण आला. भेस्तानला सुकदेवच्या घरी सगळे जमले. सुना-पोरींनी गहू पाखडून ठेवलेला, कोपऱ्यात लाल भोपळे. मी त्यांच्या कुळातला नाही, पण शेजारी आणि गावचा, म्हणून दाराशी खुर्ची टाकून बसलो होतो. धुरपदाबाई सुपासमोर बसली. तिने वयाने मोठ्यापासून नावं घ्यायला सुरुवात केली. नाव, मूठ, वर पाव मूठ. मध्येच एखाद्याचं नाव विसरली की बायका हसायच्या, "मोठी माय, त्याला उपाशी ठेवता का यंदा?" सुकदेवचं नाव झालं. मग तिने मूठ भरली आणि वाल्मिककडे बघितलं.

वाल्मिक उठून उभा राहिला. "मोठी माय, मनं नाव लेऊ नको."

तिची मूठ हवेतच राहिली. "का व्हयनं, भो, तुले?"

"मी मना रोट वेगळा करसू."

आत घरघंटीवर डाळ दळणं चालू होतं, कुणीतरी घरघंटी बंद केली. सुकदेव मोबाइलमध्ये बघत बसला होता, त्याने मानही वर केली नाही. धुरपदाबाईने त्या मुठीतला गहू पुन्हा पोत्यात सोडला. हात ओला असावा, दोन-चार दाणे तळव्याला चिकटून राहिले. ते तिने पदराला पुसले. मग तिने कोरड्या आवाजात पुढचं विचारलं, विकासचं काय? वाल्मिक म्हणाला, पोरगा बापाबरोबर.

विकास सुकदेवच्या शेजारी बसला होता. तो म्हणाला, "माझी मूठ राहू द्या, आजी."

डाळ निवडणाऱ्या मालतीबाईंचे हात थांबले. वाल्मिकला वाटलं पोराला समजलेलं नाही. त्याने पुन्हा सांगितलं, अरे, आपण वेगळे झालो. विकास मान खाली घालून म्हणाला, "बापू, तुम्ही झालात. मी मोटा पप्पांबरोबर आहे." आणि सुकदेवने त्याच्या पाठीवर हात ठेवला. एकदा बापाच्या खांद्यावर ठेवला होता तोच हात, तसाच.

धुरपदाबाईने दोनदा विचारलं. दोन्हीदा त्याने तेच सांगितलं. तिने त्याच्या नावाने मूठ टाकली.

दुसऱ्या दिवशी कोसाडला नवरा-बायकोने मिळून देवी बसवली. एका माणसाच्या गव्हाचे किती रोट होणार? मालतीबाईंनी ते थापले, आणि दोघांना तेही संपेनात. सोमवारी वाल्मिकने राजीनामा टाकला. राखीने सांगितल्याप्रमाणे सगळं रीतसर झालं, पोचपावत्या आल्या, वरच्या ऑफिसात नोंद झाली. तो सुटला. बॉयलरच्या खात्याकडेही त्याने आता तक्रार केली. साहेब आले, नीट तपासलं, दांडी उचलून बघितली, शिट्टी झाली. त्या दिवशी तार नव्हती. तार काढायला वेळ तो किती लागतो, आणि बांधायला तरी.

फाटकावरची पाटी बदलली असं पोरांनी सांगितलं म्हणून वाल्मिक बघायला गेला. मीही बरोबर होतो. पेंटर नुकताच गेला होता, रंग ओला होता. जुनं नाव पुसून त्या जागी नवीन लिहिलेलं: विकास वाल्मिक बोरसे. खाली, फॅक्टरी जबाबदार. वाल्मिकने पाटी अक्षर अक्षर वाचली. मग त्याने कानातला बोळा काढला आणि शेडकडे कान दिला. गोड आवाजात घंटा वाजली, पोरं डबे घेऊन भिंतीपलीकडे बसली. कुत्रं फाटकापाशी आलं नाही. ते गल्लीच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसलं होतं, शेडकडे तोंड करून.

परत येताना बसमध्ये तो खिडकीकडे तोंड करून बसला. मी दोन-तीन जुन्या गोष्टी काढल्या, ढोलाचीही काढली. त्याने ऐकलं की नाही कोण जाणे.

आठवड्याभरात वाल्मिक सुकदेवकडे काम मागायला गेला. बॉयलरवर कोळसा टाकायचं. सुकदेवला वाटलं चेष्टा करतो आहे. खरं आहे कळल्यावर त्याने चार माणसं बोलावून ते पुन्हा त्याच्या तोंडून वदवून घेतलं. आधीचा डायरेक्टर कोळसा टाकणार, ही मजा त्याला सोडवेना. "डायरेक्टरसाहेब, राख सांडली" असं तो येता-जाता म्हणायचा. वाल्मिक राख भरायचा. जेवणाच्या आधी शिडी चढायचा, तार तोडायचा, उतरायचा. विकास ऑफिसच्या काचेतून बघायचा आणि पडदा ओढायचा.

नवरा आणि पोरगा दोघांच्या काळजीने मालतीबाईंनी दुपारचं जेवण सोडल्यासारखंच केलं. म्हणून वाल्मिकने एक युक्ती काढली. सुट्टी झाली की तो त्यांना फोन लावायचा आणि फोन वर धरायचा. सचिनची शिट्टी कोसाडच्या स्वयंपाकघरात ऐकू यायची. ती झाली की मालतीबाई ताट वाढून घ्यायच्या. मी त्या वेळेला त्यांच्याकडे जाऊन बसायला लागलो. माझ्या कानांसाठी त्या फोनचा स्पीकर लावायच्या.

दिवाळीच्या मालाची घाई सुरू झाली तेव्हाची गोष्ट. त्या दिवशी फोन घंटेच्या आधीच आला आणि शिट्टीऐवजी बोलणं ऐकू आलं. विकासचा आवाज. "बापू, आजचा दिवस तार राहू द्या. मोटा पप्पांनी मला सांगितलंय, मीच बांधली आहे." काहीतरी जड वस्तू फरशीवर टाकल्याचा आवाज आला. नंतर कळलं, त्याने खिशातलं करवतीचं पातं आणि पक्कड दोन्ही विकासच्या पायाशी टाकली आणि प्लास्टिकची खुर्ची ओढून बॉयलरला पाठ लावून बसला.

"बापू, घरी जा."

"तू जठे, तठे मी. तुनं नाव शे ना पाटीवर? बठ तूबी."

मग घंटा. ती फोनवरही गोड वाटली. यंत्रं एकामागून एक बंद झाल्याचं कळत होतं, आवाज थराथराने कमी होत गेला आणि सगळ्याच्या खाली जे होतं ते वर आलं. ते बारीक कण्हणं. वाल्मिकने सांगितलेलं होतं, मी आजवर ऐकलं नव्हतं. माझ्यासारख्या बहिऱ्याला ऐकू आलं. मालतीबाईंनी हातातली पळी ओट्यावर ठेवली आणि फोन दोन्ही हातांनी धरला. विकास म्हणाला, बापू उठा. वाल्मिक म्हणाला, पोरं जेवायला बसली का बघ. विकास पुन्हा म्हणाला, उठा. आवाज चढत होता, विकासचाही आणि दुसराही. ते कण्हणं येतच होतं, आता घट्ट, दात दाबल्यासारखं.

मग शिडीवर पावलं. धडपडलेली, सवय नसलेली. आणि लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज, मध्येच थांबणारा, पुन्हा सुरू होणारा.

शिट्टी फुटली तेव्हा मालतीबाईंच्या हातून फोन पडला. खाली पडूनही तो ओरडत राहिला. बऱ्याच वेळाने वाल्मिकचा आवाज आला, "ऐकलं का? मी नही कापी." त्यांनी फोन उचलून ओट्यावर ठेवला. दोन ताटं वाढली, एक माझ्यासमोर ठेवलं आणि जेवायला बसल्या. आमटी गार झाली होती.

त्या संध्याकाळी सुकदेवने विकासला काय सुनावलं ते काचेबाहेर कुणाला ऐकू आलं नाही. पोराने नाव काढून घेतलेलं नाही. राखी म्हणते, सांगा त्याला, मी एका दिवसात कागद काढते. तो हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. रोट वेगळे झाल्यापासून तो भेस्तानलाच राहायचा, आता रात्री मुक्कामाला मात्र कोसाडला येतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बॉयलरच्या शेडमध्ये खिळ्याला नवीन तारेचं वेटोळं टांगलेलं होतं, आधीच्यापेक्षा जाड. अजून ती बांधलेली नाही. वाल्मिक कोळसा टाकतो आणि मधल्या वेळात तिच्याकडे तोंड करून खुर्चीवर बसतो. कानातले बोळे त्याने आता फेकून दिले आहेत. मी दुपार झाली की मालतीबाईंकडे जातो आणि आम्ही दोघं फोनकडे बघत बसतो.